गोदेची उघडी वही

पावसाळ्यात गोदावरीला, म्हणजे नाशिककरांच्या गंगेला, पाणी चढू लागले की नाशिकभर एकच प्रश्न फिरतो: पाणी कुठवर आलंय? उत्तर फुटांत किंवा मीटरमध्ये क्वचितच येते. ‘मारुतीच्या गुडघ्याला लागलंय’, ‘कमरेपर्यंत आलंय’, ‘छातीला टेकलं’ अशी ती उत्तरे असतात आणि ऐकणाऱ्याला पुढे काही विचारावे लागत नाही. भांडी बाजारातला दुकानदार तेवढ्यावरून माल वरच्या फळीवर चढवायचा की नाही ते ठरवतो. घाटावरचा हातगाडीवाला गाडी हलवतो.

नदी मोजणे आणि मोजलेले लोकांपुढे मांडणे ही हल्ली दोन वेगळी कामे समजली जातात. पंचवटीच्या घाटावर ती एकाच दगडात झालेली दिसतात. त्या दगडापासून थेट प्रयोगशाळेतल्या काचनळीपर्यंत गोदावरीच्या नोंदींची एक लांबलचक रचना पसरलेली आहे. तिचे कर्ते अनेक, त्यांच्या लिप्या निरनिराळ्या. बहुतेक वेळा ती बातमीच्या चार ओळींत भेटते, त्यामुळे तिची कारागिरी नजरेतून निसटते. सावकाश वाचली, तर तिच्यातून एकच सूत्र फिरताना दिसते: उत्तम माप ते, जे पाहणाऱ्याला स्वतः पडताळता येते. मोजणाऱ्याच्या शब्दावर त्याला विसंबावे लागत नाही.

सुरुवात अर्थातच दुतोंड्या मारुतीपासून. रामकुंडाच्या खालच्या अंगाला, गोदापात्रात उघड्यावर उभी असलेली ही शेंदरी मूर्ती नाशिककरांची पूरपट्टी आहे. तिची अंशरेखा नीट पाहावी. गुडघा, कंबर, छाती, गळा आणि मग डोक्यावरून पाणी. गुडघ्यापासून कमरेपर्यंतचे अंतर मोठे, छातीपासून गळ्यापर्यंतचे बरेच कमी आणि गळ्यापासून डोक्यापर्यंतचेही थोडेच. म्हणजे धोका जसजसा वाढतो, तसतशी पट्टी बारीक होत जाते. पाणी खाली असताना ठोकळ अंदाज पुरतो. ते वर आले की वीतवीत महत्त्वाची ठरते, आणि नेमकी तिथेच ही पट्टी जास्त खुणा पुरवते. हे कुणी ठरवून केलेले नसणार, माणसाच्या देहाच्या ठेवणीतूनच ते आले आहे. तरीही उपकरण बनवणाऱ्याला हेवा वाटावा असा हा गुण आहे.

दुसरी खुबी मूर्तीच्या नावातच उघड आहे. दोन्ही बाजूंना तोंडे असल्यामुळे या मारुतीला पाठ नाही. प्रवाहाच्या वरून पाहा किंवा खालून, समोर चेहराच येतो आणि चेहऱ्यावरून खाली गळा, छाती, कंबर अशी मोजणी सुरू करता येते. अक्षरओळख लागत नाही, मराठी यावे लागत नाही. दक्षिणेतून किंवा उत्तरेतून आलेला यात्रेकरूही पाणी छातीपर्यंत आहे हे एका नजरेत जाणतो. शिवाय आकडा कुणी सांगत नाही, तो समोर उभा असतो. सांगणाऱ्याने फुगवला, तर शेजारचा लगेच म्हणतो, ‘छाती कुठली, कमरेलाच आहे अजून.’ मोजमापावर जाहीर वाद घालण्याची ही सोय फार थोड्या उपकरणांत असते.

प्रत्येक पट्टीला वरचे टोक असते. मूर्ती पाण्याखाली गेली की तिची मोजणी संपते, आणि मग या रचनेतली पुढची खुबी उलगडते. पंचवटीच्याच काठावर नारोशंकराचे मंदिर आहे. १७४७ साली सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी बांधलेल्या या रामेश्वर मंदिराच्या दर्शनी तटात एक मोठी पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७२१ हे साल आहे आणि मराठ्यांनी वसई जिंकली त्या पराक्रमाशी तिचे नाते सांगितले जाते. मारुती बुडाल्यावर नाशिककर नजर उचलतात ती या घंटेकडे. नदीपल्याड, जुन्या नाशकात, हेच काम सरकारवाड्याच्या पायऱ्या करतात. पाणी सराफ बाजारात शिरले की कितव्या पायरीला लागले ते मोजले जाते. १९६९च्या महापुराच्या आठवणी जुनी माणसे अशाच पायऱ्यांच्या आणि घंटेच्या हिशेबाने सांगतात.

या तीन खुणा एकत्र ठेवून पाहिल्या की रचनेची शिस्त दिसते. पात्रातली खूण लहान पुरांसाठी, काठावरची मोठ्या पुरांसाठी, गावातली त्याहूनही मोठ्यांसाठी. एक संपते तिथे दुसरी सुरू होते आणि दोन्ही काठांवरून ताळा जुळवता येतो. देऊळ बांधणाऱ्याला पूर मोजायचा नव्हता, वाडा उभारणाऱ्याला तर मुळीच नव्हता. लोकांनी मात्र आधीच उभ्या असलेल्या तीन वास्तूंतून एक अखंड मापपट्टी जुळवली आणि पिढ्यानपिढ्या ती वापरून घोटून घेतली. बांधणाऱ्यांच्या मनातही नसलेले हे काम वापरणाऱ्यांनी त्या दगडांकडून करून घेतले, हे कौतुक वेगळेच.

दगडाची भाषा मात्र पातळीपुरतीच आहे. पाणी किती उंच आले ते मारुती सांगतो, किती वाहून चालले ते सांगत नाही. कुंडांच्या तळाला काँक्रीट झाले, घाट बदलले, पात्राची रुंदी बदलली की त्याच कमरेचा अर्थही बदलतो. आजच्या ‘कमरेपर्यंत’ची तुलना आजोबांच्या ‘कमरेपर्यंत’शी सरळ करता येत नाही. इथे रचना आपली लिपी बदलते आणि क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट या हिशेबात, बोलू लागते.

पुराच्या दिवसांत जलसंपदा विभागाच्या पूर नियंत्रण कक्षाकडून दर काही तासांनी निघणारा विसर्गाचा संदेश वाचून पाहा. गंगापूर धरणातून अमुक क्युसेक, होळकर पुलाखालून अमुक क्युसेक, नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्यातून जायकवाडीकडे अमुक क्युसेक, सोबत वेळ. वर्तमानपत्रात बहुधा पहिला आकडा मथळ्यात जातो आणि उरलेले दोन बातमीच्या तळाशी. खरी गोष्ट मात्र या तिघांच्या फरकात आहे. गंगापूरचा आकडा माणसाने दरवाजे उघडून सोडलेल्या पाण्याचा. होळकर पुलाचा त्याहून जास्त असेल, तर मधला फरक धरणाखाली पडलेल्या पावसाचा: सोमेश्वर, आनंदवल्लीच्या बाजूने आणि शहराच्या रस्त्यांवरून वाहून आलेला. ‘धरणातून सोडलं म्हणून पूर आला’ असे चिडून म्हणणाऱ्याला आणि ‘पाऊसच तसा झाला’ असे सांगणाऱ्याला एकच वजाबाकी उत्तर देते. आरोपाचा आणि बचावाचा पुरावा एकाच संदेशात, लागोपाठच्या दोन ओळींत दिला जातो, यातला उमदेपणा लक्षात घेण्याजोगा आहे.

तिसरा आकडा वाचताना नकाशा हवा. होळकर पुलापासून नांदूरमध्यमेश्वरला पोचेपर्यंत गोदावरीला दारणा येऊन मिळते, कादवाही मिळते. म्हणून बंधाऱ्यावरचा आकडा नाशिकच्या आकड्याच्या कैकपट निघाला तरी चकित होण्याचे कारण नाही. नाशिककर पहिल्या दोन ओळी वाचून थांबतो आणि पैठणकडचा शेतकरी थेट तिसरी वाचतो. तो ती टीएमसीत बदलून घेतो. एक क्युसेक दिवसभर वाहिला की ८६,४०० घनफूट पाणी होते; त्यामुळे ११,५७४ क्युसेक अखंड चोवीस तास वाहिले की एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, खाली गेले. नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा हा पाण्याचा जुना वाद सभांत कितीही तापो, दोन्ही बाजूंचे जाणते लोक हिशेब करायला बसतात ते याच ओळीवर. परस्परांवर विश्वास नसलेल्या दोघांना एकच आकडा मान्य व्हावा, यापेक्षा मापाला मोठी दाद कोणती?

त्या आकड्यामागची कारागिरी कुठे घडते ते पाहायला पंचवटीबाहेर जावे लागत नाही. दिंडोरी रस्त्यावर ‘मेरी’ आहे, महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, स्थापना १९५९ची. त्याच परिसरात राज्याच्या जलविज्ञानाचे मुख्य कार्यालय आहे आणि महाराष्ट्रभरच्या नदीमापन व पर्जन्यमापन केंद्रांच्या नोंदींचा सांभाळ तिथून होतो. १९९५मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या जलविज्ञान प्रकल्पाने या नोंदींना एक शिस्त लावली: नोंद कशी घ्यायची, कशी तपासायची, कुठे साठवायची आणि मागणाऱ्याला कशी द्यायची. काळाराम मंदिराकडे जाणाऱ्या भाविकांच्या वाटेपासून जवळच राज्यातल्या नद्यांची जमाखर्चाची वही ठेवलेली आहे, हे पंचवटीच्या अनेक रहिवाशांच्याही ध्यानात नसते.

नदीतला प्रवाह मोजण्याची रीत मोठी देखणी आहे. पात्राचे उभे काप कल्पून प्रत्येक कापाची खोली घ्यायची आणि पाण्यात वेगमापक सोडायचा. त्याची फिरकी किती वेळा फिरली त्यावरून वेग निघतो. आता वेगमापक सोडायचा किती खोल? पृष्ठभागाजवळ पाणी जोरात धावते, तळाशी घर्षणाने रेंगाळते. अनुभवाने आणि गणिताने असे ठरले आहे की पृष्ठभागापासून खोलीच्या सहा-दशांशावर मिळणारा वेग साधारणपणे साऱ्या उभ्या कापाचा सरासरी वेग असतो. पाणी खोल असेल, तर दोन-दशांश आणि आठ-दशांश अशा दोन जागी मोजून सरासरी काढतात. अख्ख्या नदीचा स्वभाव एका बिंदूत पकडायचा आणि तो बिंदू नेमका कुठे ते माहीत असायचे, हे बंदिशीतली सम अचूक हेरण्यासारखे आहे.

भर पुरात मात्र वेगमापक घेऊन कोण उतरणार? म्हणून शांत दिवसांत पुन्हा पुन्हा मोजून पातळी आणि प्रवाह यांच्या नात्याची एक वक्ररेषा आखून ठेवतात. नंतर पुलाच्या खांबावरच्या पट्टीवर पातळी वाचली की वक्ररेषा प्रवाह सांगते. जाणकाराला यात आणखी एक गंमत ठाऊक असते. चढत्या पुराला उतार जास्त मिळतो, म्हणून त्याच पातळीला चढते पाणी उतरत्या पाण्यापेक्षा अधिक वाहत असते. मोठ्या पुरात हे नाते एका रेषेवर न राहता वळसा घेते. एकाच पट्टीवरचा एकच आकडा पूर चढत आहे की ओसरत आहे यावरून दोन अर्थ देतो. संदेशात आकड्याशेजारी वेळ का लिहितात, याचे एक कारण हेही आहे.

वेळेवरून पावसाची नोंद आठवते. भारतीय हवामान विभागाची परंपरा अशी की दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठला मोजायचा आणि मागच्या चोवीस तासांचा तो सगळा पाऊस त्या सकाळच्या तारखेला मांडायचा. साहजिकच ‘४ तारखेचा’ म्हणून छापलेल्या पावसाचा बराचसा भाग ३ तारखेच्या दुपारी, संध्याकाळी आणि रात्री पडलेला असतो. ही खूण माहीत नसली की त्र्यंबकेश्वरचा पाऊस आणि रामकुंडावरचा पूर यांची तारखांची जोडी जमत नाही. माहीत असली की दोन्ही रकाने अलगद एकमेकांत बसतात. कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर मंडळनिहाय पाऊस रोज पाहता येतो. एका चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लाख घनमीटर, सुमारे ३५ लाख घनफूट पाणी. गंगापूर धरणाची ५,६३० दशलक्ष घनफुटांची क्षमता मनाशी धरून हा गुणाकार केला की ब्रह्मगिरीच्या बाजूला एका रात्रीत काय घडून गेले ते घरबसल्या कळते. बोटभर उंचीची नोंद आणि डोंगरभर पाणी, मधे फक्त गुणाकार.

आतापर्यंतचे सारे वाचन पाण्याच्या राशीचे झाले. त्याच्या गुणांचे पान महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आहे. ७ सप्टेंबर १९७० रोजी स्थापन झालेले हे मंडळ राष्ट्रीय जल गुणवत्ता कार्यक्रमाखाली नद्यांचे नमुने घेते आणि त्यांचे आकडे प्रसिद्ध करते. गोदावरीच्या वरच्या भागातल्या केंद्रांची नावे ओळीने वाचली की एक प्रवासवर्णन तयार होते: गंगापूर धरण, सोमेश्वर, हनुमान घाट, पंचवटीचे रामकुंड, तपोवन, सायखेडा, नांदूरमध्यमेश्वर. धरणाजवळ नदी शहरात शिरण्याआधी कशी होती ते कळते, रामकुंडावर श्रद्धेच्या गर्दीत कशी आहे ते कळते आणि तपोवनात, जिथे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे, शहराने तिचे काय केले ते कळते. केंद्रांच्या जागा निवडण्यातच अर्धे निदान झालेले असते. खालचा रकाना वाचण्यापूर्वी वरच्या रकान्याशी ताडून पाहता यावा अशी ही मांडणी, कमालीची सोपी आणि तितकीच निर्भीड.

पहिला मोठा रकाना पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूचा. स्नानाच्या पाण्यासाठी तो लिटरमागे निदान ५ मिलिग्रॅम हवा. २५ अंश तापमानाला समुद्रसपाटीवर पाणी फार तर ८.३ मिलिग्रॅमपर्यंत प्राणवायू धरते. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने इथली मर्यादा किंचित खाली येते. मोजण्याची जुनी विंकलर पद्धत पाहण्यासारखी आहे. बाटली काठोकाठ भरायची, आत हवेचा एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि काठावरच दोन द्रावणे घालून प्राणवायू बांधून टाकायचा. पाण्यात तपकिरी साका उतरतो. प्रयोगशाळेत आम्ल घातले की साका विरघळून पाणी पिवळे होते, पिष्टाचे चार थेंब पडले की गर्द निळे, आणि मग थेंबाथेंबाने थायोसल्फेट सोडत जायचे. निळा रंग ज्या थेंबाला पुसला जातो, तिथे आकडा. डोळ्यांना न दिसणारा वायू आधी तपकिरी, मग पिवळा, मग निळा होऊन दिसतो आणि नाहीसा होता होता आपले माप देऊन जातो.

या रकान्याची एक हुलकावणी लक्षात ठेवावी. शेवाळाने भरलेल्या पाण्यात दुपारच्या उन्हात प्राणवायू चढतो आणि पहाटे घसरतो; सोमेश्वरसारख्या धबधब्याखाली पाणी घुसळून त्याला हवा मिळते. एकटा आकडा पाहून नदीला निरोगी ठरवू नये. त्यासाठीच शेजारी बीओडीचा रकाना असतो: पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खातील त्याचा अंदाज. नमुना बंद बाटलीत अंधारात ठेवायचा आणि मुदतीच्या आधीचा व नंतरचा प्राणवायू वजा करायचा. जगभर रूढ मुदत पाच दिवस, २० अंश. तिचा उगम ब्रिटनमधल्या सांडपाणीविषयक रॉयल कमिशनच्या विसाव्या शतकाच्या आरंभीच्या कामात सांगतात. तिथल्या नद्या पाच दिवसांच्या आत समुद्राला मिळतात, असा त्यामागचा हिशेब. भारतीय मानकाने आपल्या हवेला मानवणारी मुदत घेतली: तीन दिवस, २७ अंश. १,४६५ किलोमीटरची गोदावरी तीन दिवसांत समुद्र गाठणार नाही हे खरे. पण उष्ण पाण्यात जिवाणू झपाट्याने काम करतात हे ओळखून घड्याळ नदीच्या हवामानाशी जुळवले गेले. एखाद्या रकान्याच्या शीर्षकात लपलेला हा विचार वाचला की त्या आकड्याला चव येते.

सर्वांत नजाकतीचा रकाना विष्ठाजन्य कोलिफॉर्मचा. महिन्यामागून महिने वाचत गेलात, तर काही आकडे पुन्हा पुन्हा भेटतात: २४०, ३५०, ५४०, ९२०, १६००. पाचशे किंवा हजार असे गोल आकडे जवळपास येतच नाहीत. नवख्याला संशय येतो की कुणी टेबलाशी बसून आकडे भरतो आहे. प्रत्यक्षात हीच प्रामाणिकपणाची खूण आहे. जिवाणू एकेक मोजता येत नाहीत, म्हणून पाणी तीन पातळ्यांनी विरळ करून प्रत्येकी पाच, अशा पंधरा नळ्यांत घालतात. नळीत आत एक इवलीशी उलटी नळी असते. जिवाणू असतील, तर वायू धरतो आणि त्या उलट्या नळीत बुडबुडा अडकतो. पाचांपैकी पाच, पाचांपैकी पाच, पाचांपैकी चार अशा तिकडीला संभाव्यतेच्या तक्त्यात एकच उत्तर आहे: १६००. तीन नळ्या असतील तर ९२०, दोन असतील तर ५४०. पंधराही नळ्या भरल्या की आकडा थांबतो आणि ‘१६०० पेक्षा जास्त’ असे लिहावे लागते. मग पाणी आणखी विरळ करून पुन्हा बसा. या मापाचे पूर्ण नावच ‘सर्वाधिक संभाव्य संख्या’ आहे. ‘मला नेमके माहीत नाही, पण जास्तीत जास्त शक्यता एवढ्याची’ असे शीर्षकातच कबूल करणारा आकडा सरकारी कागदावर दिसावा, ही दुर्मीळ सभ्यता.

आणि हे आकडे दाखवण्यापुरते नसतात, ते बोचतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातले प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले तेव्हा त्यांत एकूण ३५१ पट्टे होते. सर्वाधिक ५३ महाराष्ट्रातले. गोदावरीचा पट्टा पहिल्या, म्हणजे सर्वांत गंभीर वर्गात गेला, आणि त्याची सुरुवात नोंदवली गेली ती सोमेश्वरापासून. नाशिक शहराच्या वेशीचे नाव असे सीमारेषा म्हणून येणे शहराला भूषणावह नाही. तरी सरकारी यंत्रणेने सरकारी नमुन्यांवरून स्वतःच्याच नगरव्यवस्थेविरुद्ध लिहिलेला निकाल सर्वांना वाचायला मिळतो. न्यायालयात, सभागृहात, घाटावरच्या चर्चेत गोदावरीच्या बाजूने बोलणाऱ्याला पुरावा इथूनच मिळतो. मोजणीने आपल्याच घरातली घाण दाखवून द्यावी, हा तिचा सर्वांत कठीण गुण.

पुढचे पान जमिनीवर आखलेले आहे. २००८च्या सप्टेंबरातल्या पुरानंतर नाशिकमध्ये गोदावरीच्या पूररेषांचा प्रश्न ऐरणीवर आला. महाराष्ट्रात निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळ्या रेषेमधला पट्टा बांधकामाला निषिद्ध, निळ्या-लाल रेषांमधला नियंत्रित. ‘२५ वर्षांतून एकदा’ म्हणजे एकदा येऊन गेला की २५ वर्षे निश्चिंती, असे समजणारे फसतात. अर्थ इतकाच की दर वर्षी चार टक्के शक्यता. तीच चार टक्के २५ वर्षे साठत गेली की असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता ६४ टक्के होते. निळ्या रेषेच्या आत घर घेऊन पंचवीस वर्षांचे कर्ज काढणाऱ्याने हा आकडा हप्त्यांच्या कागदाशेजारी ठेवावा. २००८नंतर २०१६च्या आणि २०१९च्या ऑगस्टमध्येही गोदेने घाट ओलांडून दाखवला आहे. एका रंगीत रेषेत इतकी वर्षे, इतका पाऊस आणि इतका इशारा मावतो, तोही नकाशा उघडणाऱ्या कुणालाही दिसेल असा.

रचनेच्या दुसऱ्या टोकाला, नांदूरमध्यमेश्वरला, मोजणी पाण्यावरून पाखरांवर जाते. २०२० च्या जानेवारीत हे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ जाहीर झाले, आणि हिवाळ्यात वनविभाग व पक्षीमित्र दुर्बिणी घेऊन तिथे प्रगणनेला बसतात. प्रयोगशाळेने काढलेल्या आकड्यांचा ताळा बदके आपल्या येण्याजाण्याने जुळवून देतात. दोन अगदी वेगळ्या साक्षीदारांच्या जबान्या एकमेकींशी ताडता येणे ही या वहीची समृद्धी.

शेवटी, ज्याकडे कुणीच पाहत नाही असा एक बारकावा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तक्त्यांत काही चौकोनांत आकडा नसतो. कुठे ‘मोजमर्यादेखाली’ अशा अर्थाची आद्याक्षरे असतात, कुठे पात्र कोरडे असल्याची नोंद. ‘मोजमर्यादेखाली’ म्हणजे काहीच नाही असे नव्हे. आमच्या उपकरणाच्या नजरेला पडण्याइतके नाही, एवढेच. ‘कोरडे’ म्हणजे नमुना घेणारा काठावर गेला होता, पाणी नव्हते. या दोन्ही जागी सोयीने शून्य लिहिता आले असते आणि सरासरी छान खाली आली असती. शून्य, न दिसणे आणि नसणे यांतला फरक जो कागद जपतो, त्याच्या भरलेल्या चौकोनांवरही विश्वास ठेवता येतो.

२०२७च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात रामकुंडाच्या ओळीकडे सगळ्या देशाचे लक्ष असेल, आणि त्या एका ओळीवरून गोदेला शुद्ध किंवा अशुद्ध ठरवण्याची घाई होईल. वाचणाऱ्याने तेवढ्यावर थांबू नये. त्याच महिन्याची सोमेश्वरची ओळ तिच्या वर धरावी, तपोवनची खाली धरावी, बीओडी कोणत्या मुदतीचा आहे ते शीर्षकात पाहावे आणि मगच वजाबाकी करावी. पर्वणीच्या गर्दीत सोडलेल्या पाण्याने रामकुंडाची ओळ काही दिवस उजळवता येते. तीन ओळींमधला फरक तसा पुसता येत नाही. नाशिकने नदीला काय दिले याचा हिशेब त्या फरकात असतो, आणि तो करण्यासाठी लागणारे सारे आकडे कुणाचीही परवानगी न घेता वाचता येतात.